वडिलोपार्जित शेतावर फार्मस्टे: घरच्या बैठकीपासून पहिल्या हंगामाच्या हिशेबापर्यंत

शेतावर पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे असे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा खोल्यांची होते. किती बांधायच्या, छप्पर कशाचे घालायचे, न्हाणीघर आत काढायचे की बाहेर, यावर रात्री जागवल्या जातात. आमच्या घरातही तसेच झाले, आणि दोन हंगाम उलटल्यावर लक्षात आले की त्यातल्या त्यात सोपी बाब खोल्यांचीच होती. ज्या दिवशी शेताला घरातला प्रत्येक हात हवा असतो, नेमका त्याच दिवशी तो पाहुण्यांनाही हवा असतो, ही खरी अडचण आहे आणि ती बांधकामाने सुटत नाही. म्हणून या लेखात शेताचे वेळापत्रक मध्यभागी ठेवले आहे आणि बाकी सर्व कामे त्याच्या सोयीने लावली आहेत.

या विचाराला कायद्याचाही आधार आहे. इटलीने ५ डिसेंबर १९८५ च्या ७३० क्रमांकाच्या कायद्याने शेतावरील पाहुणचाराला स्वतंत्र ओळख दिली, आणि ती देतानाच पाहुणचार हा शेतीला पूरक असावा, शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा, अशी अट घातली. पुढे २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्यात ही अट तपासताना प्रामुख्याने कामाला लागणारा वेळ पाहावा असे म्हटले गेले, आणि पाहुण्यांची संख्या दहापेक्षा जास्त नसेल तर शेतीच मुख्य आहे असे धरून चालावे, अशी सवलत दिली गेली. आपल्यावर तो कायदा लागू नसला तरी त्यातली दोन मापे, म्हणजे कामाचे तास आणि दहा पाहुण्यांची मर्यादा, एका कुटुंबाच्या आवाक्याला बरोबर बसतात.

पहिली पायरी: घरातील सर्वांची संमती, आणि तीही कागदावर

वडिलोपार्जित जमिनीवर सहसा एकापेक्षा जास्त नावे असतात, आणि त्यातली काही नावे नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्यांची असतात. "त्याची काही हरकत नसणार" या गृहीतकावर बांधकाम सुरू करू नये. कोणती जागा वापरायची, पैसा कोण घालणार, मिळकत कशी वाटायची, आणि उद्या वाटणी झाली तर बांधलेल्या खोल्या कोणाच्या वाट्याला जाणार व इतरांना त्याचा मोबदला कसा मिळणार, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. मात्र खोल्या उभ्या राहून त्यांतून पैसा येऊ लागल्यावर तो विचारणे कितीतरी जड जाते.

त्यानंतर घरात राहणाऱ्यांची बैठक घ्यावी आणि तिच्यात घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीपासून शाळकरी मुलापर्यंत प्रत्येकाला एक गोष्ट नाकारण्याचा हक्क द्यावा. आमच्या सासऱ्यांनी सांगितले की दुपारच्या झोपेच्या वेळी अंगणात आवाज नको. जाऊबाईंनी सांगितले की स्वयंपाकघरात अनोळखी माणूस विचारल्याशिवाय येता कामा नये. मुलाने स्वतःची सायकल कोणालाही द्यायची नाही असे बजावले. तिन्ही अटी पाहुण्यांच्या नियमांत तशाच उतरल्या. घरातला एक भाग असा असावा की जिथे पाहुण्यांनी कधीच यायचे नाही, आणि तो दाराने किंवा निदान कुंपणाने वेगळा केलेला असावा.

याच बैठकीत कामाचे तास मोजण्याचे ठरवावे. आम्ही स्वयंपाकघराच्या खिळ्याला दोरीने एक वही टांगली आणि पाहुण्यांसाठी जो जे काम करील त्याने वेळेसह त्यात लिहावे असा नियम केला. सासूबाईंना लिहायचा कंटाळा, म्हणून त्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत आणि रात्री नात त्या रेघा वहीत उतरवी. पंधरा दिवसांनी बेरीज केली तेव्हा सर्वांत जास्त तास त्यांचे निघाले, आणि ठरवलेल्या कामवाटणीत त्यांचे नावसुद्धा नव्हते. घरातल्या बायकांचे आणि वृद्धांचे श्रम हिशेबात धरले नाहीत तर धंदा कागदावर फायद्यात दिसतो आणि माणसे मात्र थकत जातात. म्हणून प्रत्येकाला तासांनुसार मोबदला द्यावा, तो घरखर्चात मिसळू देऊ नये, आणि ज्याचा त्याच्या हातात किंवा ज्याच्या त्याच्या खात्यात द्यावा.

दुसरी पायरी: आधी बंद दिवस ठरवावेत

एका मोठ्या कागदावर वर्षाचे बावन्न आठवडे आखावेत. त्यावर पेरणी, काढणी, मळणी, फवारणी, जनावरांच्या विण्याचा काळ, पाण्याच्या पाळ्या आणि घरातील कार्ये मांडावीत. ज्या आठवड्यांत घरातील दोन प्रौढ माणसेही मोकळी राहत नाहीत ते आठवडे सरळ खोडून टाकावेत. काढणीचा काळ पाहुण्यांना सर्वांत आकर्षक वाटतो आणि मागणीही तेव्हाच येते, त्यामुळे इथे मन मोडते. पण पहिल्या वर्षी काढणीत पाहुणे घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

फवारणीच्या दिवसांना वेगळी खूण करावी. फवारलेल्या रानात पुन्हा केव्हा शिरावे याचा अवधी औषधाच्या माहितीपत्रकावर दिलेला असतो, आणि तो जितका मजुरांना लागू असतो तितकाच फेरफटका मारणाऱ्या पाहुण्यांनाही. वाऱ्याने तुषार खोल्यांकडे येत असतील तर त्या प्लॉटची फवारणी खोल्या रिकाम्या असतानाच करावी.

आता उरलेले आठवडे मोजावेत. समजा चौदा आठवडे खोडले गेले आणि अडतीस उरले. सुरुवातीला पाहुणे बहुधा आठवड्याच्या सुट्टीलाच येतात, म्हणजे आठवड्याला दोन रात्री धरल्या तर वर्षाला ७६ रात्री होतात. तीन खोल्यांच्या त्या २२८ होतात, आणि त्यांतल्या निम्म्या भरल्या तर ११४. वर्षभरातल्या तीन खोल्यांच्या एकूण १,०९५ रात्रींपैकी हे प्रमाण जेमतेम दहा टक्के आहे. कर्ज काढून सहा खोल्या बांधण्याचा बेत असेल तर हे गणित त्यापूर्वी दोनदा करून पाहावे.

तिसरी पायरी: परवानगी, कर आणि विमा

हे नियम ठिकाणानुसार बदलतात, म्हणून स्थानिक प्रशासन, अग्निशमन, अन्नसुरक्षा आणि करविभाग या चार ठिकाणी स्वतः जाऊन लेखी उत्तर घ्यावे. शेतजमिनीचा वापर बदलतो का आणि खोल्यांवर निराळा कर लागतो का हे त्यात अवश्य विचारावे. विम्याबाबत मात्र एक गोष्ट बहुतेक सगळीकडे आढळते: घराच्या किंवा शेताच्या साध्या विम्यात पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांच्या अपघाताची जबाबदारी सहसा धरलेली नसते. ती वेगळी घ्यावी लागते, आणि जनावरे, पाण्याची साठवण व यंत्रे यांचा उल्लेख पॉलिसीत आहे की नाही हे वाचून पाहावे.

चौथी पायरी: पाणी आणि सांडपाणी

घरच्या माणसांना विहिरीचे पाणी पचते म्हणून पाहुण्यांनाही ते पचेल असे नाही. पहिला पाहुणा येण्यापूर्वी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी आणि पुढे वर्षातून दोनदा, त्यातली एक पावसाळ्यानंतर, करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात सापडता कामा नये. क्लोरीन वापरत असल्यास अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, आणि ते तपासण्याच्या साध्या किट मिळतात.

शेतावरच्या पाण्यात आणखी एक धोका असतो तो नायट्रेटचा, कारण रासायनिक खते आणि शेणखताचे ढीग यांतून तो भूजलात झिरपतो. त्याची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यातले त्याचे प्रमाण वाढते. अहवालात नायट्रेट जास्त आले तर पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधावा.

पाणी किती लागेल हे बादली आणि घड्याळ घेऊन मोजावे. शॉवरखाली दहा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल तर आठ मिनिटांच्या आंघोळीला ८० लिटर लागतात, आणि आठ पाहुण्यांनी दिवसातून दोनदा आंघोळ केली तर १,२८० लिटर नुसत्या आंघोळीला जातात. कमी प्रवाहाचा शॉवर बसवणे आणि खोल्यांची टाकी शेताच्या पाण्यापासून वेगळी ठेवणे हे दोन उपाय पहिल्याच दिवशी करावेत. आमच्याकडे टाकी एकच होती, आणि भर उन्हात गोठ्यातली पाण्याची कुंडी कोरडी पडल्याचे जनावरांच्या हंबरण्यावरून कळले. त्या वेळी तीन शॉवर सुरू होते.

एवढे पाणी पुढे जाते कुठे, याचाही विचार करावा. चार माणसांसाठी बांधलेल्या सेप्टिक टाकीवर बारा माणसांचा भार टाकला तर घन पदार्थ खाली बसायला वेळ मिळत नाही, ते पुढे वाहून शोषखड्ड्याची छिद्रे बुजवतात आणि सांडपाणी वर येते. खोल्यांसाठी वेगळी टाकी बांधावी. तिचा शोषखड्डा विहिरीपासून व बोअरपासून किमान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा.

पाचवी पायरी: खोल्या

इथे मी थोडक्यात आटोपते, कारण या विषयावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. स्वच्छ गादी, घट्ट बसणारी जाळीची खिडकी, भरपूर हवा, अंथरुणाजवळ दिवा आणि रात्री न्हाणीघरापर्यंत मिणमिणता उजेड एवढे असले की पाहुणे तक्रार करत नाहीत. दोन बाबतींत काटकसर करू नये. विजेच्या प्रत्येक जोडणीवर ३० मिलिअँपिअर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे गळतीरोधक उपकरण बसवावे. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत कधीही लावू नये, आणि कोळशाची शेगडी थंडीतही खोलीत नेऊ देऊ नये. या दोन्हींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद जागेत झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही.

सहावी पायरी: शेत गुडघ्यांवर बसून पाहावे

आपल्याला शेतातले धोके दिसेनासे झालेले असतात, कारण आपण लहानपणापासून त्यांना वळसा घालत आलेलो असतो. म्हणून शेतीशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राला सोबत घेऊन सगळे आवार फिरावे, आणि दर काही पावलांवर खाली बसून चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहावे. मी असे पहिल्यांदा केले तेव्हा कडबाकुट्टीचे तोंड बरोबर माझ्या हनुवटीसमोर आले, आणि तिचा खटका हात लांबवला की पोचेल एवढ्या अंतरावर होता. त्याच संध्याकाळी तिला कुलूपबंद खोली मिळाली.

ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणालाही, थोडा वेळ आणि हळू का होईना, बसवू नये. पाहुण्यांची मुले हट्ट करतात आणि आपले मन विरघळते, तेव्हा हा नियम फलकावर लिहिलेला असला की नकार देणे सोपे जाते. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे जोडलेल्या यंत्राला ताकद पुरवणारा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचे टोक त्यात गेल्यावर हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. त्यावरचे संरक्षक आवरण शाबूत हवे, आणि यंत्र चालू असताना पाहुणे त्या बाजूला नसावेत.

शेततळ्याभोवती मुलाला चढता येणार नाही असे कुंपण आणि कुलूपबंद फाटक असावे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या उतारावरून ओल्या पायांनी वर चढता येत नाही, पट्टीचा पोहणाराही घसरत राहतो; म्हणून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडावेत आणि काठावर हवा भरलेली ट्यूब टांगावी. लहान मूल ओरडून बुडत नाही, ते शांतपणे बुडते, हे पालकांना आल्याआल्या सांगावे.

शेणाची साठवणटाकी आणि बायोगॅसचा खड्डा यांची झाकणे कुलपात हवीत. त्यांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. सुरुवातीला त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते आणि धोका टळला असे वाटते. आत पडलेल्याला वाचवायला उतरणारा दुसरा माणूसही त्यात दगावतो, म्हणून घरातल्या प्रत्येकाला आत न उतरण्याची ताकीद द्यावी. कीटकनाशके मूळ डब्यातच व कुलपात ठेवावीत. उरलेले औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय कोणाला असेल तर ती पाहुणे येण्यापूर्वी मोडून काढावी.

सातवी पायरी: जनावरे आणि पाहुणे यांना एकमेकांपासून जपावे

धोका दोन्ही दिशांनी असतो. निरोगी दिसणाऱ्या गाईच्या किंवा शेळीच्या शेणातूनही ई. कोलाय आणि जुलाब लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी माणसाकडे येऊ शकतात. क्रिप्टोस्पोरिडियमवर हाताला लावण्याचे सॅनिटायझर चालत नाही, त्याला साबण आणि वाहते पाणीच लागते. तेव्हा गोठ्याच्या दाराशीच हात धुण्याची जागा करावी, तिथला नळ मुलांच्या उंचीला असावा, आणि गोठ्यात खाऊ नेऊ देऊ नये. गर्भवती पाहुण्यांना नुकत्याच व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांपासून व त्यांच्या पिल्लांपासून दूर ठेवावे, कारण त्या काळात गर्भाला अपायकारक असलेले जंतू पसरतात. हे बुकिंगच्या वेळीच कळवले तर आल्यावर अवघडलेपण येत नाही.

दुसरी दिशा अशी की पाहुण्यांच्या बुटांबरोबर रोगही येतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू चपला, कपडे आणि गाडीच्या चाकांवरून प्रवास करतो. ब्रिटनमध्ये २० फेब्रुवारी २००१ रोजी या रोगाच्या साथीची पहिली निश्चिती झाली आणि साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. ग्रामीण पायवाटा बंद झाल्या आणि पर्यटनाचे नुकसान शेतीच्या नुकसानीच्या तोडीला पोचले. शेत आणि पाहुणे या दोहोंवर पोट असलेल्या कुटुंबांना तो फटका दोन्ही बाजूंनी बसला. म्हणून मागच्या काही दिवसांत दुसऱ्या गोठ्यात गेला होता का, हे प्रत्येक पाहुण्याला विचारावे, गाड्या गोठ्यापासून दूर लावाव्यात, आणि गोठ्यात जाण्यासाठी घरचे रबरी बूट द्यावेत. पाय बुडवण्याच्या जंतुनाशकाआधी ब्रश आणि पाणी ठेवावे, कारण चिखलाने माखलेल्या बुटावर जंतुनाशकाचा परिणाम होत नाही.

आठवी पायरी: जेवण

पाहुण्यांना कच्चे दूध देऊ नये. ते ६३ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे किंवा ७२ अंशांना पंधरा सेकंद तापवलेले असावे, घरी सरळ उकळावे. शिजवलेले अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावे आणि मधल्या तापमानात दोन तासांहून अधिक राहू देऊ नये. ॲलर्जी बुकिंगच्या वेळीच विचारावी. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात व त्या घरच्यांच्या जेवणाच्या वेळांशी जुळाव्यात, नाहीतर स्वयंपाकघरातली चूल दिवसभर थंड होत नाही.

नववी पायरी: पाहुण्यांचा दिवस

धारा काढण्याची वेळ पाहुण्यांसाठी सकाळी आठवर नेण्याचा मोह होतो, पण गाईला पाहुण्यांची झोप कळत नाही. वेळ तीच ठेवावी, आदल्या रात्री सांगावी, आणि जो उठेल त्याला दाखवावे. मुद्दाम रचलेले प्रसंग पाहुण्यांना लगेच ओळखू येतात. उलट पंधरा-वीस मिनिटांचे खरे काम, म्हणजे अंडी गोळा करणे, रोपांना पाणी देणे, शेंगा फोडणे, त्यांना पुरेसे आणि पुष्कळ वाटते. घरातल्या आजोबांच्या गप्पा हा सर्वांत आवडीचा भाग ठरतो, म्हणून त्यांची वेळ बांधून घ्यावी, दिवसातून एकदा आणि तासाभरापुरती. आमच्याकडे सासऱ्यांनी एकाच विहिरीची गोष्ट एका दिवसात चार कुटुंबांना सांगितली आणि पाचव्याला सांगताना ते खुर्चीतच झोपी गेले.

दहावी पायरी: दर आणि बुकिंग

हप्ता, विमा, कर, दुरुस्ती आणि चादरी-भांड्यांची झीज या वर्षाच्या खर्चाला दुसऱ्या पायरीत आलेल्या ११४ सारख्या आकड्याने भागावे, त्यात त्या रात्रीचे अन्न, वीज, धुलाई आणि वहीतल्या तासांचा मोबदला मिळवावा, आणि वर नफा धरावा. शेजारच्याचा दर पाहून आपला दर ठरवू नये. त्याने कदाचित घरच्यांचे तास धरलेलेच नसतील. बुकिंगची संकेतस्थळे कमिशन घेतात, तेही आधीच दरात धरावे, आणि त्यांच्या कॅलेंडरवर खोडलेले आठवडे पहिल्या दिवशीच बंद करून टाकावेत. आगाऊ रक्कम, रद्द केल्यावर मिळणारा परतावा आणि पावसाने किंवा पिकाच्या तातडीच्या कामाने कार्यक्रम बदलला तर काय, हे तीन नियम लेखी पाठवावेत.

अकरावी पायरी: पहिला हंगाम

पहिल्या दोन महिन्यांत एकच खोली उघडावी. चाचणीला नातेवाईक बोलावू नयेत, ते भिडेपोटी काही बोलत नाहीत. ओळखीच्यांच्या ओळखीचे बोलवावेत आणि कमी दराने का होईना पण पैसे घ्यावेत, म्हणजे ते तक्रार करतील. दोन मुक्कामांच्या मध्ये एक रिकामी रात्र ठेवावी.

हंगाम संपल्यावर घरच्यांनी पुन्हा एकत्र बसावे आणि खिळ्यावरची वही, पाण्याचा अहवाल आणि त्याच प्लॉटचे मागच्या व यंदाच्या वर्षीचे उत्पन्न शेजारी शेजारी मांडावे. उत्पन्न घटले असेल तर कोणत्या आठवड्यातले कोणते काम लांबले हे शोधावे आणि तो आठवडा पुढच्या वर्षीच्या कागदावर खोडावा. सुरुवातीच्या बैठकीत ज्यांनी ज्या अटी घातल्या होत्या त्या पाळल्या गेल्या का, हे प्रत्येकाला नावाने विचारावे. दुसरी खोली उघडायची की नाही हे त्यानंतर ठरवावे. आमच्याकडे तिसरी खोली दोन वर्षे बी-बियाण्यांचीच राहिली.